न मागितलेली मुदत

“मागितल्याशिवाय मुदत वाढवायची नाही,” वाचनालयाच्या चाव्यांचा जुडगा तिच्या पुढ्यात ठेवत मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “सख्खा भाऊ असला तरी नाही. ज्याला हवी, तो येऊन मागेल. न मागता दिलीस की संपलं.”

काय संपलं, ते विचारायचं राहून गेलं. त्याच वेळी टेबलावर तिचा फोन थरथरायला लागला होता. घरी लेकीने नाकात वाटाणा घातला होता आणि सासूबाई पलीकडून एका दमात तीन प्रश्न विचारत होत्या. पुस्तक बदलायला आलेल्या नर्सबाईंनी तिच्या हातातून फोन काढून घेतला. “तिला मांडीवर घ्या. मोकळी नाकपुडी बोटाने दाबा. आता तिच्या तोंडाला तोंड लावून एकच फुंकर. जोरात.” वाटाणा सासूबाईंच्या गालावर येऊन आपटला. या सगळ्या गडबडीत मोठ्या बाईंचं वाक्य म्हणजे चौतीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या माणसाचा खडूसपणा, एवढंच तिने मनाशी ठरवून टाकलं. बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे दुसऱ्या गावी निघून गेल्या.

याला दीड वर्ष झालं होतं. आज, चौदा तारखेला, पोस्टातल्या ताई देवघेवीच्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकून उभ्या होत्या.

“नुसता दुसरा भाग नेऊन मी काय करू? पहिल्यात कोण मेलं, कोण जगलं, तेच ठाऊक नाही. चौथी खेप आहे माझी.”

“बघते ना.”

“बघता हो तुम्ही. तिन्ही वेळा बघितलंत.”

तिने लाकडी ट्रे पुढे ओढला. हे वाचनालय अजून कार्डांवर चालायचं. पुस्तक बाहेर गेलं की त्याचं कार्ड सभासदाच्या खाकी खिशात सरकवायचं आणि तो खिसा परतीच्या तारखेमागे उभा करायचा. तारीख उलटूनही जो खिसा तिथेच राहील, तो थकीत. थकीत खिसे लाल पट्टीमागे जायचे, आणि मोठ्या बाईंच्या काळात आठव्या दिवशी त्या स्वतः किंवा शिपाईकाका त्या सभासदाच्या दारात उभे राहायचे. कितीही ऊन असो, कितीही चिखल असो.

कादंबरीचं कार्ड एकोणीस तारखेमागे सापडलं. खिसा नर्सबाईंचा होता. कार्डावर मूळ परतीची तारीख गेल्या महिन्याची, चार. तिच्यावर आडवी रेघ, शेजारी पेन्सिलीने ‘मुदत वाढवली’ आणि एकोणीस. त्यावर रेघ, पुन्हा ‘मुदत वाढवली’, या महिन्याची चार. त्यावरही रेघ, आणि एकोणीस. तिन्ही नोंदी तिच्याच वळणदार अक्षरात.

“नर्सबाईंकडे आहे,” ती म्हणाली. “येतीलच.”

“कोण, त्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या? त्या तर दोन दिवसांत फडशा पाडतात पुस्तकाचा.”

पोस्टातल्या ताई सहज बोलून गेल्या आणि मासिकांच्या टेबलाकडे वळल्या. तिचा हात मात्र ट्रेवरच राहिला. दोन दिवसांत फडशा. खरंच होतं ते. दर मंगळवारी दार उघडताच नर्सबाई यायच्या, कापडी पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवायच्या आणि आधी विचारायच्या, “काय म्हणते वाटाणेवाली?” गेल्या मंगळवारी विचारलं होतं का? त्याच्या आधीच्या? ती मागे मागे जाऊ लागली. प्रत्येक मंगळवारी तिला लेकीचं काहीतरी आठवत होतं: खोकला, दाढ, पाळणाघरातल्या मावशींची सुट्टी. नर्सबाई कुठल्याच मंगळवारी आठवेनात.

शनिवार आठवले. शनिवारी थकीत यादी करायची असायची. बारा-पंधरा नावं, म्हणजे बारा-पंधरा फोन, आणि जे फोन उचलत नाहीत त्यांच्या घरी चकरा. पाळणाघर शनिवारी एक वाजताच बंद व्हायचं. एका शनिवारी लेक पाळणाघराच्या पायरीवर दप्तर मांडीत घेऊन एकटीच बसलेली दिसली, आणि त्यानंतरच्या शनिवारपासून तिने एक सोय केली. जे भरवशाचे सभासद, ज्यांचं पुस्तक कधी बुडणार नाही, त्यांचे खिसे ती गुपचूप पुढच्या तारखेमागे सरकवू लागली. यादी पाच-सहा नावांवर आली. वाचनालयाचे चिटणीस खूश झाले. सभेत म्हणाले, नव्या बाईंनी शिस्त लावली. तिलाही तो चांगुलपणाच वाटला होता. म्हाताऱ्या माणसांना कशाला तगादा लावायचा?

भरवशाच्या सभासदांत पहिलं नाव नर्सबाईंचं होतं.

तिने फोन लावला. हा क्रमांक सध्या बंद आहे. परत लावला. मग घरी लावला, कारण बोटांना तीच सवय होती.

“खाल्लं का तिने?”

“खाल्लं, आणि पाळणाघरात सोडूनही आले,” सासूबाई म्हणाल्या.

“किती?”

“मोजायचं राहिलं बघ. उद्यापासून प्रत्येक घासावर तुझा शिक्का मारून घेते.”

एरवी ती हसली असती. आज फोन ठेवून ती नवीन पुस्तकांच्या कपाटाकडे गेली. नर्सबाई कदाचित येत असतील, इथेच बसून वाचत असतील, आपलंच लक्ष नसेल. शहानिशा करायला एक उपाय होता. शेकडो पुस्तकं वाचलेल्या जुन्या सभासदांना कुठलं वाचलंय ते आठवत नाही, म्हणून ते पुस्तकात बारीकशी खूण करून ठेवतात. नियमाने ती खोडायची असते. ती खोडत नसे. निवृत्त मोजणीदार पान अठरावर त्रिकोण काढायचे, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावा एकाच पानावर वर आणि खाली फुली मारायच्या. नर्सबाईंचा ठिपका पान एकतीसवर, आकड्याच्या बरोबर खाली, सुईच्या टोकाएवढा.

तिने दीड महिन्यात आलेली तेवीस पुस्तकं उघडून पाहिली. त्रिकोण होते. जावांच्या फुल्या होत्या. पान एकतीस सगळीकडे कोरं होतं.

“काका, नर्सबाई दिसल्या होत्या का एवढ्यात?”

शिपाईकाका वर्तमानपत्रं काठीला अडकवत होते. “परवा तर दिसल्या.”

“परवा म्हणजे कधी?”

“परवा म्हणजे...” त्यांनी काठी खाली ठेवली. “मी स्वेटर घातला होता.”

पंखे सुरू होऊन महिना झाला होता.

“तुम्ही टेबलावर बसा,” ती म्हणाली. नर्सबाईंच्या खाकी खिशातून पत्त्याचं कार्ड काढताना तिच्याकडून अर्धा ट्रे कलंडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती खाली पडलेलं काही न उचलता बाहेर पडली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत तीन मजली इमारत. तळाला आणि पहिल्या मजल्यावर रंगाच्या डब्यांचं गोदाम, त्याचा वास जिन्यात शेवटपर्यंत सोबतीला. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला कुलूप, कुलपावर धूळ. तिसऱ्या मजल्यावर एक दार, दाराच्या कडेला रिकामी दुधाची पिशवी. रिकामी पिशवी आहे म्हणजे दूध घेतलं जातंय, तिने स्वतःला समजावलं. लगेच दुसरं मन म्हणालं, कुणाकडून?

बेल दाबली. वाजली नाही. कडी वाजवली. कान लावला. पुन्हा वाजवली. आत काही नाही. तिच्या डोळ्यांपुढे एकामागोमाग एक चित्रं येऊ लागली. लेकीला ताप आला की येतात तशी, सगळ्यात वाईट ते सगळ्यात आधी. पोलिसांना सांगायचं असतं का? की आधी कुणा नातेवाइकाला? नातेवाईक आहेत तरी कोण? चिटणिसांना फोन करावा म्हणून ती वळली, दोन पायऱ्या उतरलीसुद्धा.

मागे काहीतरी घासल्याचा आवाज आला. खुर्ची. मग पावलं. एक पाऊल, मध्ये बराच वेळ, दुसरं पाऊल.

“कोण?”

“मी. वाचनालयातून.”

दारापलीकडे इतका वेळ काहीच हालचाल झाली नाही की तिला वाटलं, ऐकू गेलं नसावं. मग कडी निघाली.

“आलात,” नर्सबाई म्हणाल्या. “पुस्तक तयार आहे.”

त्या अर्ध्या झाल्या होत्या. दार त्यांनी डाव्या हाताने उघडलं होतं. उजवा हात पोटाशी धरलेला, आणि मनगटाच्या वर तो चमच्याचा दांडा वाकवून ठेवावा तसा वळला होता. खोली मात्र लखलखीत. दाराजवळ समोरासमोर दोन खुर्च्या. मधल्या स्टुलावर कादंबरीचा पहिला भाग, त्यावर लाकडी फूटपट्टी, आणि फूटपट्टीशेजारी घट्ट, नेटकी गुंडाळलेली बँडेजची पट्टी.

“बसा. ती खुर्ची तुमचीच. म्हणजे तुमच्यापैकी जो कोणी येईल त्याची.”

“हे... हाताला काय झालं?”

“मोडला. आता जुळलाय. थोडा वाकडा जुळलाय.”

“कधी?”

“दोन तारखेला. गेल्या महिन्याच्या. न्हाणीघरात पाय गेला, गुडघाही दुखावला. जिना काही उतरवेना. म्हटलं, घाबरायचं काय? चारला पुस्तक द्यायचंय. नाही दिलं की बाराला तुमच्यातलं कोणीतरी येणारच. आठवा दिवस. दहा दिवस तर काढायचेत.” त्यांनी फूटपट्टीकडे मान केली. “हिच्यावर बांधून टाकला. दाताने गाठ मारली. याहून मोठी हाडं बांधलीत मी.”

“फोन करायचा की हो, बाई!”

“तो माझ्याबरोबरच पडला. त्याचं काही जुळलं नाही.”

“पण दूधवाला, वाणी, कुणालातरी हाक...”

“दूधवाला अंधारात पिशवी अडकवून जातो. वाणी दोरीच्या टोपलीत सामान ठेवतो. मी वरून चिठ्ठी सोडते.”

“मग चिठ्ठीत लिहायचं!”

“काय लिहू? साखर, साबण आणि हात मोडलाय?” त्या हसल्या. पुढचे दोन दात नव्हते, हे तिला आत्ता दिसलं. “ओरडायची सवयच नाही हो. नोकरी सगळी दुसऱ्यांचं ओरडणं ऐकण्यात गेली. आणि कुणाला बोलवायचं म्हणजे त्याच्याकडे मागणं आलं. तुमचं तसं नाही. तुम्ही तुमच्या कामाने येता. पुस्तक मागायला आलेल्या माणसाला काही मागावं लागत नाही. त्याला दिसतंच.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली.

“बाराला केस विंचरले डाव्या हाताने, आणि कडी काढून इथे बसले. तेरालाही बसले. चौदालाही. मग म्हटलं, वाचनालय बंद पडलं असेल. अलीकडे पडतात.” त्यांनी पुस्तक पुढे सरकवलं. “किती दिवस उशीर झाला?”

पर्समध्ये पत्त्याच्या कार्डासोबत पुस्तकाचं कार्डही आलं होतं. चार, एकोणीस, चार, एकोणीस. कागदावर नर्सबाईंना एका दिवसाचाही उशीर झालेला नव्हता. अजून पाच दिवस बाकी होते. चाळीसेक दिवस, एवढं म्हणून ती सुटली असती. नर्सबाईंनी विश्वासही ठेवला असता: कामाचा ताण, माणसं कमी, राहून गेलं.

तिने कार्ड काढून स्टुलावर ठेवलं.

“उशीर झालाच नाही. मी मुदत वाढवत होते. तीनदा. शनिवारी लवकर निघता यावं म्हणून. यादीत तुमचं नावच आलं नाही, म्हणून कोणी...”

नर्सबाईंनी कार्ड डाव्या हाताने उचललं, डोळ्यांपासून लांब धरलं, एकेक तारीख वाचली. खाली गोदामात कुणीतरी डबे एकावर एक रचत होतं.

“मी मागितली नव्हती,” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“हं.”

त्यांनी कार्ड पुस्तकाच्या कडेला कड लावून सरळ ठेवलं. रुग्णाच्या उशाशी ताप लिहिलेला कागद ठेवावा तसं. मग पडद्याकडे बघत म्हणाल्या,

“काय म्हणते वाटाणेवाली?”

तेव्हा मात्र तिला रडू आवरलं नाही. नर्सबाईंनी तिला रडू दिलं. थांबवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. पाण्याचं भांडं तेवढं पुढे केलं.

मग तिने घरी फोन लावला. “आई, तिला आज पाळणाघरातून तुम्हीच आणता का? मला उशीर होईल.”

“तुला?” सासूबाई म्हणाल्या. “उशीर?” आणि क्षणभर थांबून, “का ग, काय झालं?”

“घरी आले की सांगते.”

“बरं. खाल्लंस का तू?”

निघताना नर्सबाईंनी पेन्सिल मागितली. पान एकतीस उघडून त्यांनी डाव्या हाताने टोक टेकवलं. ठिपका आकड्याखाली बसला नाही. बाजूला गेला, आणि मोठा झाला.

“पुस्तक केव्हाच वाचून झालं होतं,” त्या म्हणाल्या. “खूण केली नव्हती. खूण केली की द्यायला निघावं लागतं.”

जिना उतरायला पंचवीस मिनिटं लागली. तिचा फोन गेल्यावर शिपाईकाका रिक्षा घेऊन खाली येऊन उभे होते, वाचनालयाला कुलूप लावून, चिटणिसांना न विचारता. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि दोघींकडे न बघता फोटोलाच सांगितलं की पहिल्या दोन आठवड्यांत आल्या असत्या, तर हात सरळ बसवता आला असता. आता मोडून पुन्हा बांधायचा, की आहे तसा ठेवायचा, ते बाईंनीच ठरवावं.

“ठेवा तसाच,” नर्सबाई म्हणाल्या. “आता ओळख झालीय आमची.”

त्या शनिवारी एक वाजून गेला तरी ती टेबलावरच होती. पाळणाघरातून आणलेली लेक खुर्चीखाली बसून रद्दी कागदांवर तारखेचे शिक्के मारत होती. तिने ट्रेमधला खिसान् खिसा बाहेर काढला आणि न मागता वाढवलेली प्रत्येक मुदत खोडून खिसे त्यांच्या मूळ तारखेमागे ठेवत गेली. लाल पट्टीमागे एकोणीस खिसे जमा झाले. शिपाईकाकांनी ते दोन गठ्ठ्यांत वाटले, चपला घातल्या, आणि त्यातला जाड गठ्ठा स्वतःकडे ठेवला.

कादंबरीचा पहिला भाग पोस्टातल्या ताई सोमवारी नेणार होत्या. तिने शेवटच्या पानावर, जिथे परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो, त्याच्याच खाली डिंकाने आणखी एक कागद लावला. छापील नाही, हाताने लिहिलेला.

“हे पुस्तक घरी नेणाऱ्यास. पान एकतीसवर एक ठिपका आहे, तो खोडू नये. तुमच्या माहितीचं एखादं माणूस ठरल्या दिवशी येत असेल, आणि बरेच दिवसांत आलेलं नसेल, तर पुस्तक उघडण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाऊन या. काम काढून जा. बेल वाजली नाही तर कडी वाजवा. आतून उत्तर यायला वेळ लागतो. जिना उतरू नका. थांबा.”